सायकल घ्यावी पारखून

जबलपूर शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटर अंतरावर, नर्मदेच्या काठी तिलवारा हे ठिकाण वसलेले आहे. जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता येथेच नर्मदा ओलांडतो. मार्च १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन याच परिसरात भरले होते. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग तिलवारा घाटावर नर्मदेत विसर्जित करण्यात आला. १९५६ मधील राज्यपुनर्रचनेपूर्वी जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती. त्यामुळे जबलपूर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आजही भेटतात.

अशा ऐतिहासिक ठिकाणी राहणाऱ्या माणसालाही रोजचे प्रश्न सुटलेले नसतात. समजा, तिलवाऱ्यात राहणारा एक तरुण शहरात कामाला जातो आणि संध्याकाळी परत येऊन दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करतो. जाण्यायेण्यासाठी त्याला रोज चाळीस रुपये लागतात. महिन्यातून पंचवीस दिवस काम धरले, तर हा खर्च एक हजार रुपये होतो. नऊ हजार रुपयांची सायकल घेतल्यास ती नऊ महिन्यांत आपली किंमत भरून काढील, हा हिशेब त्याने मनाशी केला आहे. मात्र हा हिशेब खरा ठरण्यासाठी एक अट आहे. सायकल नऊ महिने तरी विनातक्रार चालली पाहिजे. दर पंधरा दिवसांनी ती दुरुस्तीला गेली, तर दुरुस्तीचा खर्च, बुडालेला रोजगार आणि पुन्हा भाड्याचे पैसे असा तिहेरी भुर्दंड पडतो.

दुकानात गेल्यावर त्याच्यापुढे पेच उभा राहतो. परिचित कंपनीची गिअर असलेली सायकल त्याच्या आवाक्याबाहेर आहे. शेजारीच कधी न ऐकलेल्या नावाची, जाड टायरांची, रंगीत डोंगरी सायकल उभी आहे. तिची किंमत नऊ हजारांच्या आत आहे. हे अपरिचित नाव विश्वासार्ह मानावे काय? या प्रश्नाचे उत्तर नावात सापडत नाही. ते सायकलच्या अंगोपांगांत शोधावे लागते.

डोंगरी सायकलचा जन्म

डोंगरी सायकल म्हणजे खडबडीत, चढउताराच्या, कच्च्या वाटेवर चालण्यासाठी बनवलेली सायकल. इंग्रजी नावावरून तिला 'माउंटन बाइक' किंवा 'एम.टी.बी.' असेही म्हणतात. रुंद व खाचदार टायर, भक्कम चौकट, सरळ हँडल, चढासाठी हलके गिअर आणि उतारासाठी जोरकस ब्रेक ही तिची लक्षणे होत.

या सायकलचा जन्म कोणत्याही बड्या कंपनीच्या कारखान्यात झाला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा डोंगराळ परगणा आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या बाजारातून १९३० ते १९५० या काळातील जड सायकली स्वस्तात विकत घेत, त्यांतील अनावश्यक भाग काढून टाकत आणि डोंगरउतारावर त्या पळवीत. १९७६ मध्ये तेथे एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. सुमारे तीन किलोमीटरच्या त्या वाटेवर जवळजवळ चारशे मीटरचा उतार होता. पेडल उलटे फिरवले की लागणारे जुने ब्रेक या उतारावर इतके तापत की आतील वंगणाचा धूर होऊन जाई. प्रत्येक फेरीनंतर चाकाच्या तुंब्यात नवे वंगण भरावे लागे. वंगण 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले.

यातूनच पुढची सुधारणा झाली. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा वापरासाठी खास नवी चौकट घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी या सायकलींचा व्यवसाय सुरू केला. १९८१ मध्ये 'स्पेशलाइज्ड' कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली 'स्टम्पजंपर' ही सायकल बाजारात आणली आणि डोंगरी सायकल मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. थोडक्यात, आज प्रतिष्ठेची मानली जाणारी ही सायकल मुळात काटकसरी माणसांनी भागांची पारख करून जोडलेली सायकल आहे. तिची खरेदीही त्याच वृत्तीने करणे योग्य ठरते.

नाव एकाचे, भाग अनेकांचे

सायकलच्या चौकटीवर एकच नाव झळकत असले, तरी तिचे सर्व भाग एकाच कारखान्यात बनलेले नसतात. गिअर एका कंपनीचे, टायर दुसरीचे, साखळी तिसरीची अशी जोडणी सर्रास असते. जपानमधील साकाई येथे १९२१ मध्ये स्थापन झालेली 'शिमानो' कंपनी जगभरातील असंख्य सायकलींना गिअर आणि ब्रेक पुरवते. पंजाबमधील लुधियाना हे भारतातील सायकलींचे आणि सुट्या भागांचे सर्वांत मोठे केंद्र आहे. तेथील लहानमोठे कारखाने अनेक नावांच्या सायकलींसाठी भाग तयार करतात. त्यामुळे अपरिचित नावाच्या सायकलवरही चांगले भाग असू शकतात आणि परिचित नावाच्या सर्वांत स्वस्त सायकलवर साधारण भाग असू शकतात.

नावाचा भरवसा किती धरावा, याचे एक उदाहरण बोलके आहे. १९५१ मध्ये सोनीपत येथे सुरू झालेली 'अॅटलस' ही भारतातील अग्रगण्य सायकल कंपन्यांपैकी एक होती. जून २०२० मध्ये तिच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे उत्पादन थांबले. तरीही गावोगावच्या जुन्या अॅटलस सायकली त्यामुळे अडून पडल्या नाहीत. कारण त्यांचे टायर, साखळी, ब्रेकचे रबर आणि छर्रे हे सर्व सर्वमान्य मापांचे असल्याने कोणत्याही दुकानात मिळत होते. यावरून एक महत्त्वाचा नियम हाती येतो : जिचे भाग सर्वमान्य मापांचे, ती सायकल कंपनीच्या नावापेक्षा दीर्घायुषी.

आधी गरज, मग सायकल

खरेदीपूर्वी ग्राहकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. रोजचा रस्ता कसा आहे? सोबत किती ओझे असते? बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार?

रस्ता सपाट व डांबरी असेल, तर साधी सायकल अधिक सोयीची असते. कारण रुंद, खाचदार टायर डांबरावर अधिक घर्षण निर्माण करतात आणि तेवढेच अंतर कापण्यास जास्त श्रम पडतात. नदीकाठची चढण, खडीचा रस्ता, पावसाळ्यातील चिखल किंवा गावाकडची गाडीवाट यांतून नित्य जावे लागत असेल, तर मात्र डोंगरी सायकलचा उपयोग होतो. दुधाच्या बरण्या, भाजीची टोपली किंवा हत्यारांची पिशवी न्यायची असल्यास मागे कॅरिअर बसवता येतो की नाही, हे आधीच पाहिले पाहिजे. पुष्कळ डोंगरी सायकलींना कॅरिअर किंवा पुरेसे मडगार्ड नसतात आणि काहींच्या चौकटीला ते बसवण्यासाठी छिद्रेही नसतात.

चौकट आणि माप

चौकट हा सायकलचा कणा होय. स्वस्त सायकलींची चौकट बहुधा साध्या पोलादाची असते. ती जड असते. पण टिकाऊ असते आणि तडा गेल्यास तिला डाग देता येतो. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चौकट सामान्यतः हलकी असते आणि गंजून झिजत नाही. मात्र ती मोडल्यास गावच्या मिस्त्रीकडून दुरुस्त होत नाही. दोन्ही प्रकारांत सांध्यांकडे बारकाईने पाहावे. डाग सलग आणि एकसारखा असावा. भेगा, छिद्रे किंवा रंगाखाली दडवलेली ओबडधोबड भर असू नये.

माप चुकले, तर उत्तम सायकलही त्रासदायक ठरते. दोन्ही पावले जमिनीवर टेकवून सायकलच्या आडव्या दांड्यावर उभे राहावे. दांडा आणि शरीर यांत किमान दोन इंचांचे अंतर राहिले पाहिजे. सीटवर बसून पेडल सर्वांत खाली नेले असता गुडघा किंचित वाकलेला असावा. गुडघा फार दुमडत असेल, तर चढावर पाय लवकर थकतात आणि गुडघे दुखू लागतात.

चाके आणि टायर

टायरच्या कडेवर त्याचे माप छापलेले असते. '२६ × १.९५' याचा अर्थ चाकाचा व्यास सुमारे २६ इंच आणि टायरची रुंदी सुमारे १.९५ इंच असा होतो. त्याशेजारी '५०-५५९' असे दुसरे माप असते. त्यातील पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये दाखवतो. नवा टायर घेताना हा दुसरा आकडा जुळणे अत्यावश्यक असते. डोंगरी सायकलींत आता २६, २७.५ आणि २९ इंचांची चाके प्रचलित आहेत. मोठे चाक खड्ड्यांवरून सहज जाते. पण त्या मापाचे टायर-ट्यूब जवळच्या दुकानात मिळतात काय, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

रिम शक्यतो अॅल्युमिनियमची आणि दुहेरी भिंतीची असावी. ती खड्ड्यांत लवकर वाकत नाही. ब्रेकचे रबर रिमवर घासणारे असेल, तर चकचकीत पोलादी रिम पावसात निसरडी होते आणि सायकल थांबण्यास अधिक अंतर लागते. नर्मदाकाठच्या पावसाळ्यात ही बाब जिवावर बेतू शकते.

गिअरचे गणित

'एकवीस गिअर' ही पाटी अनेकांना भुरळ घालते. पुढे तीन आणि मागे सात दातेरी चक्रे असली, की तीन गुणिले सात असे एकवीस गिअर होतात. परंतु त्यांतील काही जवळजवळ सारखेच असतात. संख्येपेक्षा सर्वांत हलका आणि सर्वांत जड गिअर कोणता, हे महत्त्वाचे असते. पुढच्या चक्राच्या दातांना मागच्या चक्राच्या दातांनी भागावे आणि आलेल्या संख्येला चाकाच्या परिघाने गुणावे. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, ते कळते.

२६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०५ मीटर धरू. पुढे २४ आणि मागे २८ दात असतील, तर सायकल एका फेऱ्यात सुमारे १.७६ मीटर जाते. पुढे ४२ आणि मागे १४ दात असतील, तर ती ६.१५ मीटर जाते. पहिला गिअर चढासाठी, दुसरा सपाट रस्त्यासाठी. गिअर नसलेल्या साध्या सायकलचे पुढे ४४ व मागे १८ दात आणि चाकाचा परीघ २.२ मीटर मानल्यास एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर अंतर पडते. म्हणूनच घाटावरून वर येताना साध्या सायकलवरून उतरावे लागते, तर हलक्या गिअरवर बसूनच चढता येते. ज्याच्या रस्त्यावर मोठा चढ नाही, त्याने गिअरसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

गिअर बदलणारी मागची यंत्रणा चौकटीला ज्या लहान पट्टीने जोडलेली असते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सायकल उजव्या बाजूला पडली, की बहुधा हीच पट्टी वाकते. अनेक सायकलींत ती वेगळी काढता येते; परंतु तिचा आकार प्रत्येक सायकलगणिक निराळा असतो. अपरिचित कंपनीची सायकल घेताना ही पट्टी वेगळी निघते का, हे पाहून तिची एक जादा प्रत त्याच वेळी घेऊन ठेवावी. पुढे कंपनी सापडली नाही, तरी या एवढ्याशा तुकड्यासाठी सायकल अडणार नाही.

ब्रेक आणि शॉक

डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याजवळील चकतीवर लागतो. चिखलपाण्यात तो चांगला काम देतो आणि रिम थोडी वाकली तरी अडत नाही. परंतु अगदी स्वस्त सायकलींवरील तारेचे डिस्क ब्रेक वारंवार जुळवावे लागतात आणि त्यांच्या पॅडचे आकार अनेक असल्याने ते प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक अधिक प्रभावी असतात. मात्र त्यांच्या दुरुस्तीला जाणकार हात लागतो. अॅल्युमिनियमच्या रिमवर लागणारे साधे 'व्ही-ब्रेक' स्वस्त असतात, सहज जुळवता येतात आणि त्यांचे रबर सर्वत्र मिळते. मर्यादित पैशांत साधारण डिस्क ब्रेकपेक्षा चांगला व्ही-ब्रेक केव्हाही उजवा.

शॉकबाबतही हेच तारतम्य हवे. पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली स्वस्त सायकल रुबाबदार दिसते. पण तिच्या मागच्या भागात साधी स्प्रिंग असते. पेडल मारताना सायकल खालीवर हलते आणि पायांची काही शक्ती स्प्रिंग दाबण्यातच खर्च होते. सांधे वाढल्याने वजन वाढते व झीजही वाढते. रोजच्या प्रवासासाठी मागे शॉक नसलेली सायकल घ्यावी. पुढचा शॉकही नसला, तरी रुंद टायरमध्ये योग्य हवा राखल्यास बरेच धक्के सुसह्य होतात. शॉकवर न खर्चिलेले पैसे चांगल्या रिम, ब्रेक आणि टायर यांच्या रूपाने परत मिळतात.

दुकानातील परीक्षा

पैसे देण्यापूर्वी दहा मिनिटे परीक्षेसाठी द्यावीत. चाक उचलून फिरवावे. ते डावीउजवीकडे डुलत असेल, तर तारा नीट ताणलेल्या नाहीत. क्रँक हाताने धरून आडवी हलवून पाहावी. खडखड जाणवल्यास मधल्या धुरीत ढिलेपणा आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकलावी. हँडलच्या मुळाशी ठोका जाणवला, तर तेथील छर्ऱ्यांची जुळणी सैल आहे. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले असताना त्यांच्या मुठी हँडलला टेकता कामा नयेत. शेवटी सायकल चालवून प्रत्येक गिअर चढवून-उतरवून पाहावा. मागेपुढे परावर्तक आणि हाताशी घंटी आहे ना, याचीही खात्री करावी. अंधारात परतणाऱ्याने दिवाही घ्यावा.

घरपोच मागवलेली सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. पुढचे चाक, हँडल आणि पेडल आपल्याला बसवावे लागतात. येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, पुढचा चिमटा उलट्या दिशेने राहतो आणि सायकल वळवताना अस्थिर होते. दुसरी, पेडलांची अदलाबदल होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते चुकीच्या बाजूला जोराने पिळल्यास क्रँकचे आटे कायमचे बिघडतात. पेडलांवर इंग्रजी 'एल' म्हणजे डावे आणि 'आर' म्हणजे उजवे अशी खूण असते. ही जोडणी अनुभवी मिस्त्रीकडून करून घ्यावी आणि त्याची मजुरी सायकलच्या किमतीतच धरावी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तारा सैलावतात आणि ब्रेक-गिअरच्या केबल ढिल्या पडतात; म्हणून महिन्याभरात एकदा सर्व जुळणी तपासून घेणे आवश्यक असते.

पावती आणि ग्राहकाचे हक्क

स्वस्त वस्तू घेतली म्हणून ग्राहकाचा हक्क स्वस्त होत नाही. पावती अवश्य घ्यावी. तिच्यावर दुकानाचे नाव, तारीख, किंमत आणि चौकटीवर कोरलेला क्रमांक असावा. हमी कोणत्या भागांना, किती काळ आणि कोण देणार, हे लेखी घ्यावे. 'चौकटीला आजन्म हमी' असे तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करता येत नाही.

भारतात १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि त्याच्या प्रमुख तरतुदी जुलै २०२० पासून लागू झाल्या. सदोष वस्तूबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही ती करता येत असल्याने, दूरच्या विक्रेत्याकडून मागवलेल्या सायकलसाठी त्याच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूंसाठी आयोगाचे शुल्कही लागत नाही. तक्रार कशी करावी, याचे मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मिळते. मात्र या साऱ्यासाठी हाती पावती हवी.

समारोप

तिलवाऱ्याच्या त्या तरुणाने अखेर काय करावे? त्याच्यापुढील रंगीत सायकलला दोन्हीकडे शॉक आणि डिस्क ब्रेक आहेत. पण रिम एकेरी आहे, ब्रेकवर निर्मात्याचे नाव नाही आणि गिअरची पट्टी दुकानदाराजवळ नाही. त्याच अपरिचित कंपनीची दुसरी, साध्या काळ्या रंगाची सायकल कोपऱ्यात उभी आहे. तिला शॉक नाही. मात्र पोलादी चौकटीचे डाग स्वच्छ आहेत, रिम दुहेरी आहे, व्ही-ब्रेक घट्ट आहेत, गिअर नामांकित कंपनीचे आहेत आणि मागे कॅरिअरसाठी छिद्रे आहेत. पारख करणारा ग्राहक दुसरीच सायकल निवडील. उरलेल्या पैशांत कॅरिअर, मडगार्ड, दिवा आणि एक जादा ट्यूब येईल.

विक्रेत्याला सायकलचे नाव विकायचे असते. ग्राहकाला मात्र तिच्यावर बसून रोज ये-जा करायची असते. संध्याकाळी कामावरून परतताना, मागे पुस्तकांची पिशवी बांधून, पावसाने ओला झालेला घाटाचा उतार उतरताना तो ब्रेकवर बोटे ठेवतो. चौकटीवर कोणते नाव लिहिले आहे, याला त्या क्षणी काहीच अर्थ नसतो. ब्रेक लागतो, चाक सरळ राहते, सायकल थांबते आणि तो वेळेवर घरी पोहोचून अभ्यासाला बसतो. पारखून केलेल्या खरेदीचे मोल ते हेच.